हा गुन्हा माफ करणारे तुम्ही कोण?

२० जानेवारी २०२५ रोजी, राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेऊन काही तास होतात न होतात तोच डोनाल्ड ट्रम्प यांनी एका कागदावर सही केली आणि ६ जानेवारी २०२१ च्या सुमारे दीड हजार दंगेखोरांना सरसकट क्षमा दिली. आणखी १४ जणांच्या शिक्षा जिथे होत्या तिथेच संपवल्या. जे खटले अजून चालायचे होते ते पुन्हा कधीच उभे राहणार नाहीत अशा पद्धतीने काढून टाका, हा हुकूमही त्याच कागदात होता. या दीड हजारांत कॅपिटॉल या संसदेच्या इमारतीत नुसते शिरून हिंडून आलेले लोक होते आणि पोलिसाच्या मानेला विजेचे यंत्र लावणारेही होते. दोघांना एकच माफी! या कृत्याला नुसता निषेध पुरणार नाही. कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर ज्यांनी मार खाल्ला त्या पोलिसांवर झालेला हा दुसरा हल्ला आहे, आणि तो पहिल्याहून नीच आहे. पहिला हल्ला जमावाने केला. जमाव बेभान होता. दुसरा हल्ला जगातल्या सर्वांत बलाढ्य खुर्चीत बसून, शांत डोक्याने, पेनाच्या टोकाने झाला.

६ जानेवारी २०२१ च्या दुपारी वॉशिंग्टनमध्ये काय घडले ते साऱ्या जगाने पडद्यावर पाहिले आहे. निवडणूक हरलेले ट्रम्प हार मानायला तयार नव्हते. निकालावर संसदेची अखेरची मोहोर उमटायची होती त्याच दिवशी त्यांनी हजारोंचा जमाव जमवला, निवडणूक चोरली गेल्याचे असत्य त्याच्या कानात पुन्हा ओतले आणि त्याला कॅपिटॉलची दिशा दाखवली. पुढच्या काही तासांत सुमारे १४० पोलिस अधिकाऱ्यांवर हल्ले झाले. हल्ल्याची हत्यारे काय होती? झेंड्यांच्या काठ्या, बेसबॉलच्या बॅटी, हॉकी स्टिक, कुबड्या, आग विझवण्याची नळकांडी, जंगलात अस्वलाला पळवून लावायला नेतात तो तिखट फवारा, आणि पोलिसांच्याच हातून हिसकावलेल्या ढाली. पुढच्या चार वर्षांत अमेरिकेच्या न्याय खात्याने १५०० हून अधिक जणांवर आरोप ठेवले. त्यांतल्या सुमारे ६०० जणांवर पोलिसांवर हल्ला केल्याचा, त्यांना प्रतिकार केल्याचा वा अडवल्याचा आरोप होता. सुमारे १७० जणांवर घातक हत्यार वापरल्याचा किंवा गंभीर दुखापत केल्याचा.

आकड्यांत माणूस हरवतो. म्हणून आम्ही एकच खटला वाचकांपुढे ठेवतो, आणि मुद्दाम असा ठेवतो की ज्यातला आरोपी स्वतःच कधीकाळी पोलिस होता.

न्यूयॉर्क पोलिस दलात वीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेला हा माणूस. त्याआधी तो मरीन कोअरमध्ये होता. ६ जानेवारीला तो अंगात गोळीरोधक जाकीट घालून आणि धातूच्या काठीवर मरीन कोअरचा झेंडा लावून कॅपिटॉलच्या पश्चिमेच्या पटांगणात आला. समोर लोखंडी कठडे लावलेले होते आणि कठड्यांपलीकडे वॉशिंग्टनच्या महानगर पोलिस दलाची रांग उभी होती. हा गर्दीतून वाट काढत पुढे सरकला, एका अधिकाऱ्यासमोर ठाकला, त्याला शिवीगाळ करू लागला, आणि मग त्याने ती धातूची काठी उगारून त्या अधिकाऱ्याच्या दिशेने हाणली. अधिकाऱ्याने काठी हिसकावून घेतली. तेव्हा हा मुठी आवळून त्याच्या अंगावर धावला, त्याला खाली पाडले आणि त्याचा मुखवटा नि शिरस्त्राण ओढू लागला. शिरस्त्राणाचा पट्टा गळ्याभोवती आवळला गेला आणि त्या अधिकाऱ्याचा श्वास कोंडला. हे सारे अधिकाऱ्याच्या छातीवरच्या कॅमेऱ्यात आणि आजूबाजूच्या लोकांच्या मोबाइलमध्ये टिपले गेले.

खटला उभा राहिला तेव्हा आरोपीने कबुली दिली नाही. तो स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि शपथेवर म्हणाला की अधिकाऱ्यानेच आधी मला मारले, मी केले ते स्वसंरक्षण. हा बचाव मांडायचा त्याला पूर्ण हक्क होता आणि तो कोर्टाने पूर्ण ऐकूनही घेतला. सामान्य नागरिकांच्या ज्युरीने चित्रफिती पाहिल्या, दोघांच्या साक्षी तोलल्या आणि तीन तासांच्या आत निर्णय दिला. २ मे २०२२ रोजी सहाही आरोपांवर तो दोषी ठरला. सरकारी पक्षाने साडेसतरा वर्षांचा तुरुंगवास मागितला होता. न्यायाधीश अमित मेहता यांनी १ सप्टेंबर २०२२ रोजी दहा वर्षे दिली. हे मेहता मूळचे गुजरातेतल्या पाटणचे. लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेलेले. सरकारने मागितले तेवढे द्यायला कोर्ट बांधलेले नाही, हे त्यांनी त्या दिवशी दाखवून दिले. आरोपीने वरच्या कोर्टात अपील केले. मे २०२४ मध्ये तेही फेटाळले गेले.

आरोपपत्र, ज्युरी, बचाव, साक्ष, उलटतपासणी, निकाल, शिक्षा, अपील. सांगा, या साखळीतली कोणती कडी खोटी होती? कोणत्या टप्प्यावर या माणसाचे तोंड दाबले गेले? कुठे पुरावा लपवला गेला? कुठेही नाही. तरीही २० जानेवारीच्या त्या कागदाने या साऱ्याला राष्ट्रावरचा घोर अन्याय असे नाव दिले आणि पुसून टाकले!

या खटल्यातली एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. शिक्षा सुनावली गेली त्या दिवशी तो पोलिस अधिकारी कोर्टात हजर होता, आणि आरोपीने त्याच्याकडे वळून त्याची क्षमा मागितली. योग्य ठिकाणी मागितली. ज्याचा गळा आवळला त्याच्याकडेच क्षमा मागायची असते, आणि द्यायची की नाही हे त्यानेच ठरवायचे असते. राष्ट्राध्यक्षांच्या पदाला शिक्षा माफ करण्याचा घटनादत्त अधिकार आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण ज्या हाणामारीत ट्रम्प यांच्या अंगाला ओरखडाही उठला नाही, किंबहुना जी त्यांच्याच पराभवाला विजय बनवण्यासाठी झाली, तिची क्षमा त्यांनी द्यावी? ज्यांच्यासाठी गुन्हा झाला त्यांनीच गुन्हेगाराला मोकळे करायचे, याला दया म्हणत नाहीत. याला कामाचा मोबदला चुकता करणे म्हणतात.

मायकल फॅनोन यांचे उदाहरण घ्या. वीस वर्षांच्या आसपास पोलिस नोकरी झालेला हा माणूस त्या दिवशी कुणी बोलावले म्हणून गेला नव्हता. मदतीची हाक ऐकून स्वतःहून गेला होता. कॅपिटॉलच्या पश्चिम बाजूला एक बोगद्यासारखा मार्ग आहे. तिथे मूठभर पोलिस शेकडोंच्या लोंढ्याला अंगाने अडवून धरत होते. त्या रांगेतून फॅनोन यांना मानेला धरून बाहेर ओढले गेले, जमावात फेकले गेले, लाथाबुक्क्यांनी तुडवले गेले. एकाने त्यांच्या मानेवर विजेचे यंत्र टेकवून पुन्हा पुन्हा झटके दिले. कुणी त्यांचे पिस्तूल काढू पाहत होते, कुणी त्याच पिस्तुलाने त्यांना ठार करा असे ओरडत होते. मला मुले आहेत, असे हा माणूस त्या गर्दीला सांगत होता. त्यांना हृदयविकाराचा झटका आला, मेंदूला इजा झाली. विजेचे यंत्र लावणाऱ्याला साडेबारा वर्षांची शिक्षा झाली, गर्दीत ओढणाऱ्याला साडेसात वर्षांची. आज ते दोघेही मोकळे आहेत. आणि फॅनोन? त्यांची नोकरी त्याच वर्षाच्या अखेरीस सुटली.

त्याच बोगद्यात डॅनियल हॉजेस हा तरुण अधिकारी दाराच्या चौकटीत अडकला. हिसकावलेल्या ढालीने त्याला चौकटीवर चेपले गेले. तोंडातून रक्त येत असताना तो वेदनेने किंचाळतो आहे, ही चित्रफीत ज्याने एकदा पाहिली तो ती विसरू शकणार नाही. डॉमिनिकन रिपब्लिकमधून येऊन अमेरिकन सैन्यात भरती झालेले, इराकच्या युद्धात सेवा केलेले सार्जंट अक्विलिनो गोनेल यांना त्या दिवशीच्या जखमांमुळे पोलिस सेवा सोडावी लागली. परक्या देशातल्या युद्धातून ते धडधाकट परतले होते. स्वतःच्या संसदेच्या दारात, स्वतःच्या देशबांधवांच्या हातून ते अधू झाले. ब्रायन सिकनिक या अधिकाऱ्याच्या तोंडावर तिखट फवारा मारला गेला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. वैद्यकीय तपासणीत मृत्यूचे कारण पक्षाघाताचे झटके, म्हणजे नैसर्गिक, असे निघाले; ते आम्ही दडवत नाही आणि त्यांच्या मृत्यूचे माप कुणाच्या पदरात घालत नाही. पण त्या दिवशी बंदोबस्तावर असलेल्या चार अधिकाऱ्यांनी पुढच्या काही महिन्यांत आत्महत्या केल्या, हेही वाचकांना ठाऊक असले पाहिजे.

आता या माफीच्या समर्थकांकडे वळू. ते पहिला आरोप करतात तो राजकीय सूडाचा. विरोधी पक्षाच्या सरकारने आमच्या माणसांना छळले, असे ते म्हणतात. ठीक आहे, न्यायाधीशांची यादी काढा. या दंगलीतली सर्वांत मोठी, २२ वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश टिमथी केली यांची नेमणूक खुद्द ट्रम्प यांनी केली होती. या खटल्यांबद्दल पसरवल्या जाणाऱ्या खोट्या कथांवर ज्यांनी जाहीरपणे तीव्र नापसंती व्यक्त केली ते रॉइस लॅम्बर्थ हे रोनाल्ड रेगन यांनी नेमलेले. उलट बाजूने पाहा. पोलिसांनीच आपल्याला आत सोडले असे समजून आत शिरलेल्या एका आरोपीला ट्रेव्हर मॅकफॅडन या न्यायाधीशांनी एप्रिल २०२२ मध्ये निर्दोष सोडले. म्हणजे ही कोर्टे माणूस पाहून, कृत्य पाहून, पुरावा पाहून निवाडा करत होती. सूडाला एवढा विवेक परवडत नाही.

दुसरा आरोप असा की सरकारी वकिलांनी नको तितकी कडक कलमे लावली. यात तथ्याचा अंश होता, आणि तो आम्ही मान्य करतो. संसदेच्या कामकाजात अडथळा आणल्याबद्दल लावलेले एक कलम सर्वोच्च न्यायालयाने २८ जून २०२४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी बरेच आवळून टाकले, आणि त्याचा फायदा अनेक आरोपींना मिळू लागला. तक्रार खरी होती, ती न्यायालयात नेली गेली, न्यायालयाने ऐकली. मग माफीची गरज कुठे उरली? शिवाय त्या निकालाचा पोलिसांना मारहाण करण्याच्या कलमाशी काडीचाही संबंध नव्हता. ते कलम वेगळे आणि जुने आहे. संघराज्याच्या अधिकाऱ्याला कर्तव्य बजावताना मारले, अंगाला हात लावला तर आठ वर्षांपर्यंत. हत्यार वापरले किंवा जखम केली तर वीस वर्षांपर्यंत. हे कलम कुणी ६ जानेवारीसाठी शिवून आणलेले नव्हते.

मग तिसरा, सगळ्यांत लाडका प्रश्न येतो. २०२० च्या उन्हाळ्यात ज्यांनी शहरे पेटवली त्यांचे काय? त्यांचे तेच, जे यांचे! जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर २८ मे २०२० च्या रात्री मिनियापोलिसमधले पोलिस ठाणे जाळले गेले. त्या जाळपोळीबद्दल चौघांना केंद्रीय न्यायालयाने तुरुंगात पाठवले, आणि योग्यच केले. ज्या क्रोधाने ते रस्त्यावर उतरले होते त्याचे कारण खरे होते, तरीही ठाणे जाळणे गुन्हाच होता. आणि त्याच शहरात, फ्लॉइड यांच्या मानेवर गुडघा रोवून बसलेल्या डेरेक शॉविन या पोलिसालाही ज्युरीने खुनाबद्दल दोषी ठरवले, साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. वर्दीतल्या खुन्याला तुरुंगात घालणारा कायदा आणि वर्दीवर हात टाकणाऱ्याला तुरुंगात घालणारा कायदा एकच आहे. ज्याला यातला अर्धाच हवा आहे त्याला कायदा नकोच आहे. त्याला आपली टोळी हवी आहे.

इतिहासाचा हवालाही दिला जातो. अमेरिकेच्या घटनेतल्या माफीच्या अधिकाराची बाजू मांडताना अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७८८ मध्ये युक्तिवाद केला होता की बंडाळीच्या काळात योग्य क्षणी दिलेली माफी देशात शांतता परत आणू शकते. पुढे १७९५ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी दारूवरच्या कराविरुद्धच्या बंडात देशद्रोहासाठी दोषी ठरलेल्या दोघांना माफही केले. पण वॉशिंग्टन यांनी आधी काय केले होते? हजारो सैनिकांची फौज उभी केली, स्वतः घोड्यावर बसून तिच्यासोबत निघाले, बंड मोडून काढले, कायद्याचा हुकूम पुन्हा बसवला. बंडखोर नमल्यावर, सरकार जिंकल्यावर, विजयी हाताने ती दया दिली गेली. ते बंड वॉशिंग्टन यांच्या सरकारविरुद्ध झाले होते. इथे बंड ट्रम्प यांच्या बाजूने झाले. इथे बंडखोर नमलेले नाहीत. त्यांना वीर म्हणून मिरवले जाते आहे, त्यांना नुकसानभरपाई देण्याची भाषा खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या तोंडून ऐकू येते आहे. वॉशिंग्टन यांच्या नावाआड लपण्याचा अधिकार या माफीला नाही.

लबाडी तर अशी की या माणसांनी आधी स्वतःच वेगळे वचन दिले होते. शपथविधीच्या आठवडाभर आधी होऊ घातलेले उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हॅन्स दूरचित्रवाणीवर सांगत होते की त्या दिवशी ज्यांनी हिंसा केली त्यांना माफी मिळता कामा नये, हे उघड आहे. आठवडा उलटला आणि ते उघड सत्य गिळले गेले. पोलिसांची अमेरिकेतली सर्वांत मोठी संघटना, फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलिस, हिने निवडणुकीत ट्रम्प यांना पाठिंबा दिला होता. माफीच्या दुसऱ्याच दिवशी तिला पोलिस प्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेबरोबर पत्रक काढून आपली निराशा व्यक्त करावी लागली. कायदा आणि सुव्यवस्थेच्या नावाने मते मागणाऱ्यांनी पोलिसांची मते घेतली आणि पोलिसांना मारणाऱ्यांना घरी सोडले.

माफीवर हे प्रकरण थांबले असते तरी घोर होते. पण पुढे काय झाले? हे खटले चालवणाऱ्या सरकारी वकिलांपैकी डझनाहून अधिक जणांना जानेवारी संपायच्या आत नोकरीवरून काढले गेले. तपासात काम केलेल्या एफबीआयच्या माणसांच्या याद्या मागवल्या गेल्या. हल्लेखोरांचे गुन्हे पुसले, आणि गुन्हा शोधणाऱ्यांची नावे मात्र लिहून घेतली! यापुढे अमेरिकेतल्या एखाद्या तरुण सरकारी वकिलाच्या टेबलावर अशी फाइल येईल, जिच्यात पोलिसाला मारणारा हा सत्तेतल्या माणसाचा अनुयायी असेल, तेव्हा ती उघडण्याआधी त्याचा हात थरथरेल. तो थरथरावा याचसाठी ही हकालपट्टी होती. त्या दिवशी कॅपिटॉल राखणाऱ्या पोलिसांच्या सन्मानार्थ इमारतीत एक फलक वर्षभरात लावावा, असा कायदा संसदेने मार्च २०२२ मध्ये स्वतः केला होता. मुदत उलटून दोन वर्षे होऊन गेली तरी फलक लागला नव्हता, आणि जून २०२५ मध्ये हॉजेस आणि कॅपिटॉल पोलिस दलातले माजी अधिकारी हॅरी डन यांना त्यासाठी कोर्टात जावे लागले. ज्यांचे प्राण या लोकांनी वाचवले त्या खासदारांना इतकी वर्षे भिंतीवर एक फलक लावायची हिंमत होऊ नये! त्या दुपारी याच खासदारांना पोलिसांच्या आडोशाने सुरक्षित खोल्यांत नेले जात होते. कृतघ्नतेला याहून खालचा तळ आम्हाला माहीत नाही.

मराठी वाचक विचारतील, वॉशिंग्टनच्या भांडणाशी आपला काय संबंध? आहे, आणि तो टोचणारा आहे. आपल्याकडे क्षमेचा अधिकार राष्ट्रपतींना अनुच्छेद ७२ ने आणि राज्यपालांना अनुच्छेद १६१ ने आहे. राजकीय लागेबांध्यांवर दिलेली सूट रद्द होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एपुरू सुधाकर खटल्यात आंध्र प्रदेशच्या राज्यपालांचा हुकूम रद्द करून स्पष्ट सांगितले आहे. एवढ्यापुरते आपले घर अमेरिकेच्या घरापेक्षा बरे. पण आपल्याकडे दंगेखोराला वाचवायला राष्ट्रपती लागतच नाहीत. आंदोलनांतले गुन्हे मागे घेण्याचा शासन निर्णय पुरतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३२१ होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६० आहे, दार तेच. महाराष्ट्रात सत्तेवर कोणताही पक्ष येवो, या दाराची कडी काढायला तो कचरत नाही. पोलिसांवरचे हल्ले आपल्यालाही नवे नाहीत. ११ ऑगस्ट २०१२ रोजी मुंबईच्या आझाद मैदानात जमावाने पोलिसांना झोडपले, महिला पोलिसांच्या अंगाला हात लावला, अमर जवान स्मारकावर लाथा घातल्या. तो संताप मुंबई विसरलेली नाही. काही वर्षांपूर्वी याच राज्याने लोकसेवकावरच्या हल्ल्याच्या, भारतीय दंड संहितेतल्या कलम ३५३ ची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ मध्ये ती पुन्हा दोन वर्षांवर आहे.

त्याच ३५३ चा धाक दाखवून कचेरीत हक्काचा जाब विचारणाऱ्या साध्या माणसाला अडकवले जात होते, हेही आम्ही पाहिले आहे आणि त्याविरुद्धही लिहीत राहू. म्हणूनच आमची मागणी काटेकोर आहे. घोषणा दिल्या, रस्ता अडवला, मनाई हुकूम मोडला, असे गुन्हे सरकारला मागे घ्यायचे तर घ्यावेत. पण ज्या प्रथम खबरी अहवालात पोलिस शिपायाच्या डोक्यातल्या टाक्यांची नोंद आहे, तो कोणत्याही शासन निर्णयाच्या यादीत येता कामा नये. मग आरोपी कोणत्याही झेंड्याखालचा असो, कोणत्याही जातीधर्माचा असो, त्याचा नेता मंत्रिमंडळात बसलेला असो. रस्त्यावर उभा असलेला शिपाई तिथे स्वतःच्या मर्जीने उभा नसतो. त्याला सरकार उभे करते. आपणच उभे केलेल्या माणसाचे डोके फुटल्यावर सरकारने फोडणाऱ्याशी समेट करावा, हा अधिकार त्याला कोणी दिला?

वॉशिंग्टनमध्ये अजून सगळे संपलेले नाही. खटले काढून टाकण्याचे अर्ज पुढ्यात आले तेव्हा बेरिल हॉवेल, तान्या चुटकन यांच्यासारख्या न्यायाधीशांनी आपल्या आदेशांत नोंदवून ठेवले की माफीने त्या दिवशीचे सत्य बदलत नाही. राष्ट्रावर अन्याय झाला होता हा माफीतला दावाच हॉवेल यांनी फेटाळला. आणि राष्ट्राध्यक्षांच्या क्षमेचा हात दिवाणी दाव्यांपर्यंत पोचत नाही. कॅपिटॉलच्या जखमी पोलिसांनी २०२१ मध्येच ट्रम्प यांच्याविरुद्ध भरपाईचे दावे दाखल केले. मला या दाव्यांपासून संपूर्ण संरक्षण आहे, हे ट्रम्प यांचे म्हणणे फेब्रुवारी २०२२ मध्ये अमित मेहता यांनीच नाकारले, आणि १ डिसेंबर २०२३ रोजी अपील न्यायालयानेही दावे त्या टप्प्यावर काढून टाकायला नकार दिला. ज्या पोलिसांचा फौजदारी न्याय एका सहीने हिरावला गेला त्यांच्या हाती आता एवढेच उरले आहे. त्यांनी ते सोडू नये. तडजोडीची रक्कम पुढे केली गेली तर ती परत करावी, प्रत्येक चित्रफीत पुन्हा कोर्टात दाखवावी, आणि त्या दिवशी जमाव कोणी धाडला याचे उत्तर ट्रम्प यांच्याकडून शपथेवर घ्यावे.